पिवळ्या चिठ्ठीच्या कादंबऱ्या

अमेरिकेत पडलेल्या प्रत्येक मुडद्याची खबर तिथल्या पोलिसांच्या खालोखाल कोणाला लागत असेल, तर ती नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या यजमानांना, म्हणजे काकांना. माणूस जन्मात कधी मुंबईच्या पलीकडे गेला नाही, पण कॅलिफोर्नियातल्या कुठल्या रस्त्याला दिवे नाहीत आणि तिथं एकट्या बाईनं गाडी का थांबवू नये, हे त्यांना तोंडपाठ. ही सगळी विद्या त्यांनी एकाच गुरूकडून घेतली होती. एक अमेरिकन कादंबरीकार. खून, पाठलाग, बेपत्ता माणसं, बंद दारामागची पावलं, असला माल तो इतक्या झपाट्यानं लिहायचा की आपली एक वाचून होईपर्यंत त्याची दुसरी बाजारात हजर. काकांनी त्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसंच. ते त्याला नुसतं ‘साहेब’ म्हणायचे. “साहेबांचं नवीन आलंय.” “साहेब या खेपेला जरा घाईत दिसतात.” पुस्तकाच्या मागे साहेबांचा फोटो असायचा, तो काका दर वेळी खिडकीशी नेऊन उजेडात बघायचे आणि मावशीला सांगायचे, “वाळलेत गं साहेब. जागरणं फार होत असणार.” मावशी हातातलं काम न थांबवता म्हणायची, “नुसते मुडदे मोजत बसल्यावर अन्न गोड लागणारे का?”

मी ब्याण्णव साली कळवणहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले. हातातली ट्रंक अजून खाली ठेवली नव्हती, तेवढ्यात काकांनी विचारलं, “शेवटचं पान आधी वाचतेस का?” मी आपली खरं बोलले, “हो, कधीकधी.” त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी चपला घालून देवघरात शिरले आहे. “मग कठीण आहे, कळवणकर,” म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव कळवणकर पडलं. मावशीनं चहा आणला. आम्ही तिघं होतो आणि कप चार होते. चौथ्यावर बशी पालथी घालून तिनं तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तो कोणाचा हे मला ठाऊक होतं. माझी आई आणि मावशी, या दोघींचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, मी पाच वर्षांची असताना आजोबांशी भांडून घर सोडून निघाला. शेती करायची नाही, ट्रक चालवायचा, एवढंच त्याचं म्हणणं. तो आधी इथं, मावशीकडे आला. दारातूनच “ताई, चहा टाक, आलोच” म्हणाला आणि गेला. कोणीतरी त्याला पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या ट्रकवर चढताना पाहिलं. त्यानंतर काही नाही. मावशीनं तेव्हा टाकलेला चहा रोज टाकला. दिवेलागणीपर्यंत तो कप झाकून असायचा, मग ती तो गरम करून मला द्यायची. दोनदा उकळलेला चहा कडू लागतो, पण मी अठरा वर्षांची होते आणि फुकटचं मिळालेलं काहीही मला गोड लागायचं. त्याचं काही वाटावं एवढी अक्कल नव्हती, हे आज कबूल करते.

काका अंबडला एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला पार्ट मापून तो चालेल की नाही हे सांगायचं, एवढंच काम तीस वर्षं केल्यावर माणूस घरी येऊन गप्प बसत नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर असायचा, आणि त्यानं त्यांनी या संसारातली एकही वस्तू मापायची सोडली नव्हती. मावशीची भाकरी ताटात पडली की आधी चिमट्यात. “कडेला चार, मध्ये सहा,” ते मिलिमीटरमध्ये सांगायचे. “उद्या मध्ये जरा दाब.” मावशी म्हणायची, “उद्या तुम्हीच थापा, मी मापते.” मला बघायला पाहुणे आले तेव्हा त्या बिचाऱ्या मुलाच्या हातातली अंगठी सैल आहे हे त्यांनी लांबून ओळखलं आणि “अर्धा मिलिमीटर,” असं माझ्या कानात इतक्या मोठ्यानं कुजबुजले की मुलानं हात पाठीमागे घेतला. ते स्थळ तिथंच बारगळलं. काकांनी त्याबद्दल कधी माफी मागितली नाही आणि खरं सांगायचं तर मलाही ती नको होती.

कारखान्यातली पद्धत त्यांनी पुस्तकांनाही लावली. माल चांगला असेल तर हिरवी चिठ्ठी, टाकाऊ असेल तर लाल, आणि थोडं काम करून चालणार असेल तर पिवळी. रविवारी सकाळी मेन रोडला जुन्या पुस्तकांच्या ढिगात उकिडवं बसून त्यांनी साहेब शोधायचे, घरी आणून उन्हात टाकायचे, कव्हर घालायचं, वाचायचं, मावशीला सांगायचं, आणि मग पुठ्ठ्यावर चिठ्ठी. मावशी वाटीत मैद्याची खळ करून द्यायची. डिंक त्यांना चालत नसे, म्हणे कागद पिवळा पडतो. कपाटात बघावं तर लाल जवळजवळ नाहीत, हिरव्या दहा-बारा, आणि बाकी सगळ्या पिवळ्याच पिवळ्या. मी एकदा विचारलं, “एवढ्या पिवळ्या? मग तुमचे साहेब कसले मोठे?” काका दुखावले. “कारागीर पहिल्या दर्जाचा आहे,” म्हणाले. “शेवटाला जरा हात फिरवावा लागतो, एवढंच.”

आता ‘मावशीला सांगायचं’ म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण त्या घराचं ते कीर्तन होतं. काका पहिल्या पाळीहून चारच्या सुमाराला यायचे, हातपाय धुऊन खाटेवर मांडी घालायचे, पुस्तक समोर उघडायचे आणि सरळ मराठीत सुरू. मावशी पुढ्यात मेथीची जुडी नाहीतर वालाच्या शेंगा घेऊन बसलेली. तिला इंग्रजीच्या एका अक्षराचा गंध नाही. पण तिच्या सोयीसाठी काकांनी अख्खी अमेरिका उचलून आपल्या जिल्ह्यात आणून ठेवली होती. तिथला शेरीफ म्हणजे फौजदार, हायवे म्हणजे आपला आग्रा रोड, आणि मोटेल म्हणजे आडगाव नाक्याच्या पुढचं लॉज. कॅलिफोर्नियात द्राक्षं पिकतात हे कळल्यापासून तर मावशी त्या मुलखाला पिंपळगाव बसवंतच समजायची. खुनी द्राक्षाच्या मळ्यात लपलेला, काकांचा आवाज खाली गेलेला, आणि ही मध्येच विचारणार, “द्राक्षं कुठली, थॉमसन का सोनाका?” काका पान मागे उलटून खरंच शोधायचे. नायिका हातात मेणबत्ती घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरू लागली की मावशी कळवळायची, “अगं बये, शेजारणीला तरी हाक मार!” आणि काका तिची समजूत घालायचे की अमेरिकेत शेजारणी दूर राहतात. “मग होतील नाहीतर काय खून,” मावशी म्हणायची.

साहेबांच्या प्रत्येक कादंबरीत कोणी ना कोणी बेपत्ता व्हायचंच. कोणाचा नवरा, कोणाची मुलगी, कोणाचा भाऊ. आणि काकांच्या मराठीत ते माणूस शेवटी परत यायचंच. चारशे पानं पोलीस हैराण, रक्ताचे डाग, फाटलेलं जाकीट, आणि शेवटी एका संध्याकाळी फाटक वाजायचं आणि सहा फुटी गोरा अमेरिकन दारात उभा राहून आमच्या बागलाणी अहिराणीत विचारायचा, “ताई, बरं शे ना? चहा टाक.” काका पडले नाशिक शहराचे, जन्मात दुसरा अहिराणी शब्द त्यांच्या तोंडी आला नाही. मी तोंडाला ओढणी लावून हसायची. मावशी मात्र हसत नसे. ती शेंगांचं सूप बाजूला ठेवून उठायची आणि म्हणायची, “टाकते.” आणि स्वयंपाकघरात जाऊन आमचे चार कप मांडायची.

हे सगळं रोज डोळ्यांपुढं घडत असून मला उमगलं नाही. बीएला इंग्रजी घेतलेलं, डोकं आभाळात. दुसऱ्या वर्षाला असताना एकदा काकांनी सांगायला घेतलेली कादंबरी मी दुपारी उचलली आणि सवयीप्रमाणे आधी शेवट वाचला, मग मधलं चाळलं. चार वाजता काका रंगात आलेले. भाऊ फाटकाशी पोचलेला, बहीण खिडकीतून बघते आहे. आणि मी, शहाणी, मोठ्यानं म्हणाले, “काय पण सांगता काका! तो तर तिसऱ्याच प्रकरणात मेलेला असतो. विहिरीत सापडतो!”

मावशीचा हात मेथीवर थांबला. काकांनी पुस्तक मिटलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. चष्मा पुसत म्हणाले, “कुठली प्रत वाचलीस?”

“हीच की.”

“मग बरोबर. ही जुनी आवृत्ती आहे. साहेबांनी नंतर सुधारली. आमच्याकडे ड्रॉइंग बदललं की जुनं फाडून टाकतात, इथं ते राहून गेलेलं दिसतंय.” मग मावशीकडे वळून, “ऐकतेस ना? मी सुधारलेलं सांगतोय.”

“असं होय,” मावशी म्हणाली आणि पुन्हा पानं खुडायला लागली. त्या दिवशी चहात साखर नव्हती. आम्ही दोघांनी तो निमूट प्यायला.

संध्याकाळी काका दळणाचा डबा घेऊन निघाले आणि मला म्हणाले, “चल कळवणकर.” गिरणीत पोचलो. डबा रांगेत लावला, बाकावर बसलो. मग म्हणाले, “लाल चिठ्ठी लावायला अक्कल लागत नाही. माप चुकलं, फेक. कोणीही करतं. पण कोणीतरी राबून केलेला जॉब असतो तो. जरा घासला, पुसला, तर कुठंतरी बसतो. मी तीस वर्षं जेवढा माल वाचवला तेवढा कोणी वाचवला नाही.” गिरणीच्या आवाजात त्यांना ओरडूनच बोलावं लागत होतं. “साहेब मोठे आहेत, पण फार लवकर माणूस मारतात. तिला कशाला ऐकवायचं ते? तिला मी एवढंच देऊ शकतो बघ.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर नाकातोंडात पीठ गेलं आणि खोकत बसले. काकांनी पाठीवर थापट्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं. साहेबांना पत्र लिहायचं होतं, आणि इंग्रजी माझं बरं, म्हणून मजकूर त्यांचा आणि हस्ताक्षर माझं. पत्र कसलं, कारखान्याचा तपासणी अहवालच तो. अमुक पानावर पिस्तुलात सहा गोळ्या भरल्या, तमुक पानापर्यंत सात झाडल्या गेल्या, एक कुठून आली याचा खुलासा व्हावा. हिरव्या मोटारीला शेवटी निळं दार कसं. अशा अकरा तक्रारी झाल्यावर ते थांबले, खिडकीच्या कट्ट्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “आता लिही. पुढच्या वेळी, जमत असेल तर, एखाद्याला जिवंत घरी पाठवावं. आमच्याकडे एक श्रोता वाट बघत असतो.” मी ते लिहिलं. कागदावर टिपूस पडलं ते घामाचं होतं असं मी त्यांना सांगितलं.

सहा-सात महिन्यांनी अमेरिकेहून छापील कार्ड आलं. आपण आमची पुस्तकं वाचता याबद्दल आभार, एवढाच मजकूर, खाली छापलेलीच सही. काकांनी ते चौकटीत बसवून देवघराशेजारी लावलं आणि अख्ख्या कॉलनीला सांगितलं की साहेबांनी ‘बघतो’ म्हटलंय. ते साहेबांनी कुठं म्हटलंय हे विचारायची आता माझी हिंमत नव्हती. मावशी कार्डालाही रोज फूल वाहायची. साहेबांनी काही ऐकलं नाही, ते आपले दर वर्षी माणसं मारत राहिले, आणि आमच्या कपाटात पिवळ्या चिठ्ठ्या वाढत राहिल्या.

वर्षं गेली. मी सटाण्याला शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तिथलीच झाले. काका निवृत्त झाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, ऑपरेशनला ते तयार होईनात, कारण महिनाभर वाचू देणार नाहीत. तपासणी खात्यातलं एक मोठं भिंग त्यांना निरोपसमारंभात मिळालं होतं, ते पानावर धरून ओळ ओळ वाचायचे. जी कादंबरी आठवड्यात संपायची तिला आता दोन महिने. मावशी म्हणायची, “बरं झालं. माणसं तेवढीच हळू मरतात.” सुट्टीत मी गेले की काका दारातच ओरडायचे, “कळवणकर आली! शेवटचं पान लपवा!” मी पस्तिशीला आले तरी हे चालूच. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही, आणि आज कोणी तसं ओरडावं म्हणून मी काय वाटेल ते देईन.

एका हिवाळ्यात काका गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. चारशे पानी धक्के देणाऱ्या साहेबांचा हा भक्त, स्वतः मात्र कसलंही रहस्य न ठेवता गेला. दिवसवार झाले, पाहुणे पांगले, मी मावशीजवळ राहिले. चार वाजले की ती खाटेकडे बघायची आणि मग मुद्दाम दुसरीकडे बघायची. चौदाव्या दिवशी तिनं उशीजवळचं पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. आत सिटी बसचं तिकीट खुणेला घातलेलं. “त्या बाईच्या भावाचं काय झालं गं शेवटी?” तिनं विचारलं. “धरणावर मासे धरायला गेला तो आलाच नाही. तिला त्याची टोपी सापडली, तिथवर झालं होतं. उद्या वाचून ठेव, मला सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी उरलेली नव्वद पानं वाचली. आयुष्यात पहिल्यांदा ओळीनं, शेवट न बघता, आणि मनात साहेबांच्या विनवण्या करत. साहेबांनी दया दाखवली नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणात भाऊ सापडला, धरणाच्या गाळात. बहीण ओळख पटवायला जाते आणि कादंबरी संपते. फार सुंदर लिहिलं होतं मेल्यानं. मी पुस्तक मिटून बसून राहिले. मी इंग्रजीची मास्तरीण. पोरांनी भाषांतरात एक शब्द पदरचा घातला तर मी अर्धा मार्क कापते.

चार वाजता मावशी मेथी घेऊन खाली बसली. आधी चहा केला होता तिनं. आम्ही दोघी, कप तीन. तिसऱ्यावर बशी. मी खाटेवर बसले, काकांच्या जागेच्या जरा अलीकडे, पुस्तक उघडलं आणि सुरू केलं. नीट जमेना. धरणाचं गंगापूर धरण झालं, फौजदार आला, पण काकांसारखा आवाज लागेना. टोपी कशी वाहत गेली, भाऊ पलीकडच्या काठाला कसा लागला, एका म्हाताऱ्यानं त्याला कसं घरी ठेवून घेतलं, त्याची याददाश्त कशी गेली आणि कशी आली, जे सुचेल ते सांगत सुटले. माझ्याच कानाला ते हिंदी सिनेमासारखं वाटत होतं. शेवटी एकदाचं फाटक वाजवलं. भाऊ दारात आला. बहिणीनं त्याला मिठी मारली. संपलं, म्हणून मी पुस्तक मिटलं.

मावशी काडी हातात धरून बसली होती. “आणि चहा?”

“घेतला की,” मी घाईघाईनं म्हणाले. “आल्या आल्या मागितला. बरं शे ना ताई, म्हणाला, चहा टाक. दोन कप प्यायला.”

“हं,” मावशी म्हणाली. मग मेथीच्या देठांचा कागद बाजूला केला आणि पाठीमागून एक वाटी पुढे सरकवली. वाटीत ताजी खळ होती. वाटीखाली पिवळी चिठ्ठी. मी तोंड उघडायच्या आधीपासून ती तिथं होती.

“लाव,” ती म्हणाली.

“मावशी, तुला ठाऊक होतं?”

“मला काय दूधखुळी समजला होतात दोघं? खळ मीच करत होते ना? तू त्या दिवशी बोललीस तेव्हापासून प्रत्येक पिवळी मी बघत आलेय.” तिनं डोळ्यांना पदर लावला, लपवलं नाही. “तो यायचा असता तर एवढ्या वर्षांत आला असता गं. ते मला कधीच कळलं होतं. पण हे रोज दुपारी माझ्यासाठी कोणाला ना कोणाला घरी आणायचे. मी गप्प ऐकायचे, कारण ते थांबले असते. आता लय आठवण येते त्यांची. भावाची नाय येत तेवढी यांची येते.”

मी चिठ्ठी लावली. डोळ्यांत पाणी, बोटं चिकट, व्हायची ती वाकडीच झाली. मावशीनं ती ओली असतानाच अंगठ्यानं सरळ केली आणि म्हणाली, “यांनी वाकडी चालू दिली नसती.” मग उठली, खिडकीच्या कट्ट्यावरच्या कपावरची बशी काढली आणि दिवेलागणीची वाट न बघता तो कप माझ्या हातात दिला.

“घे. निवतोय.”

त्या घरातला तो कप मी पहिल्यांदाच पुन्हा न उकळता प्यायले.